दाराची आतली कडी

विमल साळवे, वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या दसऱ्याला सकाळी साडेसातच्या सुमारास त्या स्वतःच्या नावावर असलेल्या वन-बीएचके फ्लॅटमध्ये आंघोळ करून बाहेर आल्या. अंगावर फक्त टॉवेल. पलंगावर इस्त्रीची पांढरी साडी काढून ठेवलेली, कारण आंबिवलीच्या विहारात जायचं होतं. आणि समोर हॉलमध्ये बुटांसकट दोन पुरुष उभे होते.

"गुड मॉर्निंग मॅडम! वेलनेस चेक!"

एक हाउसकीपिंगचा सुपरवायझर, दुसरा त्याच्या हाताखाली नव्याने लागलेला. बेल वाजवलेली, असं त्यांचं म्हणणं. नळ सोडलेला असताना बेल कोणाला ऐकू येते? उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी मास्टर की लावली आणि सरळ आत आले. विमलमावशी ओरडल्या नाहीत. मागच्या मागे बाथरूममध्ये गेल्या, दार लावलं, आणि बाहेरचं दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत ओल्या फरशीवर उभ्या राहिल्या. सुपरवायझरने जाता जाता टॅबवर नोंद केली, 'रेसिडेंट ॲक्टिव्ह. ऑल ओके.'

ऑल ओके म्हणे! विमलमावशी त्या दिवशी विहारात गेल्या नाहीत. साडीची घडी तशीच कपाटात गेली.

मी तिथे रेसिडेंट कोऑर्डिनेटर होते. म्हणजे रहिवासी आणि ऑफिस यांच्यामधली पोरगी. कोणाच्या गिझरची तक्रार, कोणाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोडणं, कोजागरीला दूध, हे सगळं माझं काम. त्याआधी डोंबिवलीत एका संघटनेत मी पाच वर्षं पत्रकं लिहिली, वाटली, रिक्षा स्टँडवर उभं राहून मोठ्याने वाचली. कधी पाण्यासाठी, कधी फुटपाथसाठी. नोकरी लागली तेव्हा आई म्हणालेली, "सुटले बाई, खूळ गेलं एकदाचं."

प्रकल्प कल्याण-शीळ रोडवर, शीळफाट्याच्या अलीकडे. सिनियर लिव्हिंग. नाव लिहीत नाही, कारण एका नावावर खापर फोडलं की बाकीचे झोपायला मोकळे. अशा ठिकाणी राहण्याचे दोन प्रकार असतात. एक असिस्टेड लिव्हिंग. त्यात नर्स असते, आंघोळीला मदत असते, गोळ्या कोणीतरी हातावर ठेवतं. दुसरं इंडिपेंडंट लिव्हिंग. त्यात फ्लॅट तुमचा, स्वयंपाकघर तुमचं, किल्ली तुमची. खाली डायनिंग हॉल असतो, डॉक्टर असतो, बाथरूममध्ये धरायला दांडे असतात आणि ओढली की ऑफिसात अलार्म वाजेल अशी एक लाल दोरी असते. मदत मागितली तर मिळते. मागितली तर! ब्रोशरमध्ये पहिल्याच पानावर हे मोठ्या अक्षरात छापलंय. आमचे सगळे रहिवासी या दुसऱ्या प्रकारातले.

मग दारं अशी उघडी कशी पडली? गणपतीच्या सुमारास बी विंगमध्ये एक आजी बाथरूममध्ये पडल्या. मुख्य दाराला आतून कडी होती. दार फोडावं लागलं. त्यात बराच वेळ गेला. आजी वाचल्या, पण त्या आता चालत नाहीत. मी तिथे होते. तो दाराचा आवाज मीही विसरलेले नाही. त्यामुळे कडी काढायची कल्पना ज्यांच्या डोक्यात आली ते राक्षस होते, असं मी म्हणणार नाही. ते घाबरले होते.

पण घाबरल्यावर त्यांनी विचारलं कोणाला? फॅमिली ग्रुपला. हा व्हॉट्सॲप ग्रुप मुलांचा होता. बंगळुरूत, ठाण्यात, कॅनडात असलेली मुलं, सुना, जावई. रहिवासी त्यात नव्हतेच. मेसेज गेला, 'सुरक्षेसाठी सर्व फ्लॅट्सच्या आतील कड्या काढत आहोत. रोज सकाळी वेलनेस चेक होईल.' खाली अंगठेच अंगठे आणि हात जोडलेली चित्रं. विमलमावशींचा मुलगा प्रशांत कोलशेतला टॉवरमध्ये राहतो. त्याचा अंगठा पहिल्या काहींमध्ये होता. दुसऱ्या दिवशी सुतार आले. कड्या काढल्या, भोकं पुट्टीने बुजवली आणि वर पॉलिश मारलं. एवढं नीटनेटकं काम त्या बिल्डिंगमध्ये आधी कधी झालं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सातपुते सरांच्या केबिनमध्ये गेले. सर म्हणजे आमचे फॅसिलिटी हेड. आयुष्य हॉटेलात गेलेलं. हॉटेलात खोली हॉटेलची असते, म्हणून मास्टर की घेऊन कोणीही आत जाऊ शकतं. इथे फ्लॅट रहिवाशांचा आहे, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी शिरलीच नाही. अजूनही ते रहिवाशांना 'गेस्ट' म्हणायचे.

"सर, साळवे मॅडमच्या घरात काल—"

"कळलं मला. बुके पाठवलाय."

"बुके?"

"सॉरीचा. चांगला आहे, ऑर्किड घालून."

"सर, त्यांना ऑर्किड नकोय. कडी हवीय."

"तेजश्री, बस. पाणी पी. उद्या कोणी आतल्या आत गेलं तर पेपरात नाव कोणाचं येईल? तुझं की माझं?"

"लाल दोरी आहे ना?"

"ओढतात का? लाज वाटते त्यांना. पडलेल्या माणसाला वाटतं, उठेन मी आपला आपण."

हे खरं होतं. तेवढ्यात सरांनी पुढचं वाक्य टाकलं आणि माझं डोकं फिरलं.

"आणि एक सांगू? तू समजतेस तेवढं यांना काही वाटत नाही. चाळीत वाढलेली माणसं ही. दिवसभर दारं सताड उघडी. कोणी यावं, कोणी जावं. सवय असते गं."

मी तशीच उठून विमलमावशींकडे गेले. बेल वाजवली. आत काहीतरी फरफटत सरकलं, मग दार उघडलं. मावशी कल्याणच्या एका शाळेत लॅब असिस्टंट होत्या. आयुष्यभर मुलांना ॲसिडपासून लांब ठेवलं, त्यामुळे आवाज कमावलेला. लसूण सोलत बसलेल्या. सरांचं वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं.

"बरोबर बोलला तो," मावशी म्हणाल्या. "चाळीत दार उघडंच असायचं. पण उघडायचो आम्ही. दुपारी नुसतं लोटलेलं असलं, तरी शेजारीण बाहेरून 'विमल, आहेस का गं' म्हणायची आणि थांबायची. ओ आली नाही तर निघून जायची. लोटलेलं दार म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळायचं. तुझ्या सरांना विचार, त्यांना कोणत्या वर्गात कळणार?"

"मावशी, आत्ता दारामागे काय सरकवलंत?"

"खुर्ची. आणि ऐक. मी एकटी राहते म्हणून बाथरूमचं दार कधी लावत नव्हते. पडले तर सरपटत फोनपर्यंत तरी जाता येईल, हाक मारली तर शेजारी ऐकू जाईल. बाहेरच्या दाराला कडी होती, म्हणून आतलं उघडं टाकायला भीती नव्हती. आता बाहेरची गेली, तर मी आतली लावते. घट्ट. ओल्या हातांनी. हे म्हणे सुरक्षित!"

खुर्चीचं ऐकून माझ्या डोक्यात किडा वळवळला. त्या संध्याकाळी मी कोजागरीच्या दुधाचं निमित्त काढून एकेका घराची बेल वाजवत फिरले. जवळजवळ प्रत्येक दारामागे काहीतरी होतं. कोणी डायनिंगची खुर्ची हँडलखाली अडकवलेली. कोणी हँडलला नायलॉनची दोरी बांधून दुसरं टोक शू-रॅकला गुंडाळलेलं. एका आजींनी दाराला टेकून स्टीलचे डबे रचलेले, त्यावर पातेलं, पातेल्यात चमचे. "दार हललं की सगळी विंग जागी होईल," त्या अभिमानाने म्हणाल्या.

जोगळेकर काकांनी तर दाराला सागवानी टीपॉय लावलेलं आणि त्यावर जाडजूड पुस्तकांची चळत. काका डोंबिवलीतल्या एका कारखान्यात इंजिनीअर होते.

"घर्षण, तेजश्री," ते म्हणाले. "वजन वाढवलं की घर्षण वाढतं. मास्टर कीला घर्षण कळत नाही."

"काका, अडखळून पडाल."

"पडेन की. पण माझा मी पडेन."

ऑफिसला पत्ताच नव्हता. सकाळी वेलनेस चेकच्या आधी सगळे लवकर उठून अडसर बाजूला करत, आणि सुपरवायझर गेला की परत लावत. माणसं सत्तरीत-ऐंशीत, आणि राहत होती वेढा पडलेल्या गडावर असल्यासारखी.

दिवाळीच्या तोंडावर काका पडले. दुपारी, बाथरूममध्ये, आणि बाथरूमला कडी लावलेली. त्यांनी लाल दोरी ओढली, त्यांना लाजबिज वाटली नाही. अलार्म वाजला आणि मी, सुपरवायझर, वॉचमन असे धावलो. मास्टर की लावली. किल्ली फिरली. दार तसूभरही हललं नाही.

सर ठाण्याहून परत येताना शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेले. फोनवर ओरडत होते, "मास्टर की वापरा ना!"

"लावलीय सर. किल्ली फिरतेय. दार नाही."

"म्हणजे काय?"

"घर्षण, सर."

तिघांनी खांदे लावले तेव्हा टीपॉय इंच इंच सरकलं. पुस्तकं कोसळली. आत गेलो तर बाथरूमची कडी. ती पहारीने उचकटली. बी विंगच्या आजींच्या वेळी लागला त्याहून जास्त वेळ लागला, आणि तेव्हा तर मुख्य दाराला कडी होती! काकांचं मनगट मोडलेलं. नशीब, तेवढ्यावर निभावलं. स्ट्रेचरवरून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "टीपॉयला पोचा तर नाही ना आला?"

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? कड्या परत लावेल. ऑफिसने सर्क्युलर काढलं. 'मुख्य दाराजवळ कोणतेही फर्निचर अथवा भांडी ठेवू नयेत. अचानक तपासणी होईल.'

भांडी! लोकांच्या घरातली पातेली तपासायला निघाले.

त्या रात्री मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. मध्ये दोन वर्षं गेलेली, पण हात विसरला नव्हता. मथळा दिला, 'घर माझं, कडी माझी.' खाली चारच ओळी. फ्लॅट तुमच्या नावावर आहे. तुम्हाला न विचारता त्याचा एक स्क्रूही कोणी काढू शकत नाही. कडी परत लावायला कोणाची परवानगी लागत नाही. रविवारी सुतार येतोय. सकाळी सगळ्यांच्या दाराखालून सरकवलं. खाली माझं नाव घातलं. निनावी पत्रक काढणाऱ्यांचा मला राग येतो.

विमलमावशींनी सुतार शोधला, आंबिवलीचा, त्यांच्या जुन्या चाळीतल्या ओळखीचा. मला म्हणाल्या, "डोंबिवलीहून कड्या आण. पितळी नको, उगाच मिजास. साध्या लोखंडी." मी पिशवी भरून आणल्या. रविवारी सरांची सुट्टी. पॅसेजमध्ये खुर्च्या टाकून सगळे बसलेले. काका प्लास्टरमधला हात सांभाळत दुसऱ्या हाताने सुताराला स्क्रू काढून देत होते आणि "तिरका जातोय, तिरका" म्हणून त्याला पिडत होते. ड्रिलचा आवाज खालपर्यंत गेला. वॉचमनचा इंटरकॉम आला.

"मॅडम, सर फोनवर विचारतायत, आवाज कसला?"

विमलमावशींनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. "त्यांना सांग, लोक आपापल्या घराला कडी लावतायत. संध्याकाळपर्यंत चालेल."

सोमवारी मीटिंग. डायनिंग हॉलमध्ये, जिथे एरवी भजनाचे व्हिडिओ लावतात त्या मोठ्या स्क्रीनवर मुलं ऑनलाइन. सातपुते सर समोर उभे, चेहरा उतरलेला. स्क्रीनवरून प्रशांतने सुरुवात केली.

"आई, हे काय चाललंय? आम्ही तुझ्या काळजीपोटीच हो म्हणालो ना? तिकडे तुला काही झालं तर?"

"तुझ्या बेडरूमला आतून कडी आहे का रे?"

"काय?"

"कडी. आहे का?"

"आहे. पण त्याचा काय संबंध?"

"काढ आजच. उद्यापासून सकाळी साडेसातला मी आणि सातपुते येतो. तू आणि सूनबाई ठीक आहात का, बघून जाऊ. बुटं घालून येतो."

हॉल हसला. स्क्रीनवरची एक सून तर कॅमेरा बंद करून हसली असणार, कारण तिचा चौकोन अचानक काळा झाला. प्रशांत हसला नाही. त्याला दसऱ्याचं काही माहीतच नव्हतं. मावशींनी सांगितलं नव्हतं, ऑफिसनेही सांगितलं नव्हतं. मावशींनी तिथेच, सगळ्यांसमोर, तीन वाक्यांत सांगितलं. टॉवेल, बूट, गुड मॉर्निंग.

मग प्रशांत म्हणाला, "सर, माझा तो अंगठा मागे घेतो मी."

सरांनी तरी हट्ट सोडला नाही. "ठीक आहे. पण परत कोणी पडलं तर? मला उत्तर द्या. मी दार फोडू?"

प्रश्न योग्य होता आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं होतं. नुसत्या घोषणांनी कोणी वाचत नाही, हे मला पत्रकवाल्या मुलीला तिथे नीट कळलं.

काका उठले. "बाथरूमला एक लॉक मिळतं. आतून खटका फिरवायचा. बाहेर बारीक खाच असते. अडचण आली तर बाहेरून त्यात नाणं घालून फिरवलं की उघडतं. तसं दोन्ही दारांना बसवा. मुख्य दाराला जरा भक्कम, खास किल्लीने उघडणारं. आणि ती किल्ली कोणाकडे असावी, ते ज्याचं घर त्याने ठरवावं."

"पण पडलंय हे कळणार कसं?" सर म्हणाले.

"जसं चाळीत कळायचं," विमलमावशी म्हणाल्या. "दूधवाला पहाटे हँडलला पिशवी अडकवून जातो. उठलेल्या माणसाची पिशवी आत जाते. आठ वाजून गेले तरी पिशवी लटकतेय, तर शेजारच्याने बेल मारायची. मग हाक मारायची आणि थांबायचं. मग फोन. तरी ओ नाही, तर उघडा दार. पण त्या वेळी शेजारचं माणूस बरोबर हवं. एकट्या सुपरवायझरने नाही."

"दूध न घेणाऱ्यांचं काय?"

"पेपर. मी कोरा चहा पिते, माझा पेपर बघा."

सर म्हणाले, लीगलला विचारतो. लीगलने महिनाभर विचार केला. तोवर लोखंडी कड्या जागच्या जागी राहिल्या, आणि एकीलाही हात लावायची कोणाची छाती झाली नाही. शेवटी नवी लॉक बसली. वेलनेस चेक बंद झाला. फॅमिली ग्रुपमध्ये आता रहिवासी आहेत, आणि तिथे सगळ्यात जास्त मेसेज जोगळेकर काकांचे असतात, याबद्दल मुलांची वेगळी तक्रार आहे. पिशवीवरून आजवर एकदाच दार उघडायची वेळ आली. त्या डबेवाल्या आजी श्रवणयंत्र काढून गाढ झोपलेल्या. जाग आल्यावर समोरच्या शेजारणीला म्हणाल्या, "आलीच आहेस तर चहा टाक."

विमलमावशींची माफी लेखी कोणी मागितली नाही. सुपरवायझर दुसऱ्या प्रकल्पावर गेला, बढती घेऊन. मार्चमध्ये माझं काँट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. कारण दिलं 'कल्चर फिट नाही'. बरोबर आहे. नव्हतेच फिट. मी परत डोंबिवलीत संघटनेत आलेय, आणि आई कपाळाला हात लावून बसलीय.

या नोकरीत एक गोष्ट शिकले. म्हाताऱ्या माणसाची काळजी घेणारे पुष्कळ भेटतात. त्याला विचारणारे कमी भेटतात. न विचारता घेतलेली काळजी टीपॉयने अडवावी लागते.

आता तुमच्याशी बोलायचंय. होय, तुमच्याशीच. तुमच्या आईच्या, वडिलांच्या, सासूच्या घराची किल्ली तुमच्या की-चेनमध्ये आहे ना? त्यांना विचारून घेतलीत, की 'असू दे, लागेल' म्हणून? आज जा. ती किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवा. विचारा, कोणाकडे ठेवायची. ते जे नाव सांगतील त्याला द्या. तुमचं नाव घेतलं नाही तर तोंड वाकडं करू नका. त्यांच्या नावाने कुठल्या ग्रुपवर अंगठा दिला असेल तर तो काढा, आणि त्यांना त्या ग्रुपमध्ये घ्या. आणि जाल तेव्हा बेल वाजवा, हात मागे बांधा, आणि त्यांनी दार उघडेपर्यंत बाहेर उभे राहा.